आधी पिनकोड टाका: ऑनलाइन बाजाराच्या अभ्यासाची प्रस्तावना

कोयनानगरच्या प्रकल्प वसाहतीत माझे एक स्नेही राहतात. गेल्या श्रावणात त्यांच्याकडे मुक्कामाला होतो. बाहेर पाऊस कोसळत होता, म्हणजे तिथल्या मानाने नेहमीसारखाच. दुपारी फोन वाजला. पार्सलवाला पोरगा खाली रस्त्याला येऊन थांबला होता; त्या चिखलात गाडी वर घालायला तो तयार नव्हता. वहिनी छत्री घेऊन गेल्या आणि पुठ्ठ्याचा खोका घेऊन आल्या. खोक्यात हवा भरलेल्या प्लॅस्टिकच्या उशा, उशांखाली एक पिशवी, पिशवीत दुसरी पिशवी आणि तिच्यात कुकरची रिंग. खोक्यावरच्या चिठ्ठीवर पत्ता छापलेला: वसाहतीचे नाव, ‘शाळेच्या मागे, आधी फोन करणे’, आणि शेवटी ४१५२०७.

मी म्हटले, “वहिनी, ही तर पाटणला मिळाली असती.”

“मिळाली असती की,” त्या म्हणाल्या. “एस.टी.चं भाडं, अर्धा दिवस, आणि वर दुकानदार म्हणणार, कुकर घेऊन या, बघू कुठली बसते ते.”

या विषयाची दारे उघडताना मला जागतिक व्यापार संघटनेपासून सुरुवात करता आली असती. पण त्या रिंगेत विषय जवळजवळ सगळाच आहे. ती कुठे बनली हे घरात कुणाला ठाऊक नव्हते. विकणाऱ्याचे नाव चिठ्ठीवर होते, पण वहिनींच्या लेखी ती ‘ॲपवरून’ आली होती. फोनच्या पडद्यावर त्यांना ‘तुमच्यासाठी निवडक’ असे सांगितले गेले होते. आणि पाटणच्या दुकानदाराला आपले एक गिऱ्हाईक आज आले नाही, हे कळायचा काही मार्ग नव्हता.

मोठ्या किरकोळ विक्रेत्यांच्या ऑनलाइन जाहिरातींत जागतिकीकरण आणि नवउदारमतवाद कसा उमटतो, हे वाचायला शिकणे म्हणजे आपला हा विषय. नाव जड आहे, पण घाबरू नका. आपल्याकडे या सगळ्याला ‘खाउजा’ असा सुटसुटीत शब्द केव्हाच तयार झाला: खासगीकरण, उदारीकरण, जागतिकीकरण. शब्द मोर्चांत घडला, त्यामुळे त्याला थोडा शिवीचा वास आहे. अभ्यासाला बसताना तो वास बाजूला ठेवावा लागतो, शब्द टाकायची गरज नाही.

कोणत्याही मोठ्या ऑनलाइन दुकानात शिरलात की ते आधी काय विचारते? पिनकोड. माल तुमच्यापर्यंत पोहोचतो की नाही, किती दिवसांत, हातात पैसे घेऊन देतील की आधीच भरावे लागतील, हे सगळे त्या सहा आकड्यांवर ठरते. हे आकडे कुठल्या कंपनीने शोधले नाहीत. १५ ऑगस्ट १९७२ रोजी भारतीय टपाल खात्याने ते लागू केले आणि त्यांची योजना आखली श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याने. वेलणकर संस्कृतचे विद्वान आणि कवीही होते. एकाच नावाची गावे, वेगवेगळ्या लिप्या, न वाचता येणारे अक्षर, यांतून पत्र योग्य दारी जावे हा हेतू. पाटणचा ४१५२०६, कोयनानगरचा ४१५२०७. पहिले तीन आकडे साताऱ्याचे, पण घाट उतरून चिपळूणला गेलात तरी ते तेच राहतात. टपालाच्या वाटा जिल्ह्याची हद्द मानत नाहीत.

सरकारी खात्याने, सार्वजनिक पैशातून, पत्रांसाठी केलेली ही सोय आज अब्जावधींच्या खासगी व्यापाराचा पाया आहे, आणि जाहिरातीत तिचा उल्लेख ‘आमची सेवा आता १९,००० पिनकोडवर’ अशा थाटात होतो. पिनकोड जणू कंपनीनेच गावाला बहाल केला. मला या अभ्यासातून एकच गोष्ट मांडायची आहे, ती हीच: ऑनलाइन बाजाराची भाषा ग्राहकाला एकट्याने निवड करणारा माणूस म्हणून हाक मारते, आणि ती निवड ज्या सामायिक गोष्टींवर उभी आहे त्यांच्यावर पडदा टाकते. पडदा कुठे आणि कसा टाकला आहे, ते शोधणे हे आपले काम. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाखाली गेलेल्या गावांना पिनकोड कधी मिळालाच नाही, ती १९७२च्या आधीच बुडाली. तिथली माणसे ठाणे, रायगड, सोलापूर, सांगली अशी पांगली आणि आज दुसऱ्याच जिल्ह्यांचे आकडे पत्त्यात लिहितात. हेही त्या चिठ्ठीच्या मागे आहे.

कोयनानगर मी केवळ ओळखीचे म्हणून निवडलेले नाही. कोयनेचे पहिले जनित्र १९६२ साली फिरू लागले. त्याच वर्षी अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात, रॉजर्स नावाच्या लहान गावात, सॅम वॉल्टन यांनी वॉलमार्टचे पहिले दुकान उघडले. त्या दोघांचा तेव्हा काहीही संबंध नव्हता. एकीकडे सरकारने डोंगर पोखरून, जागतिक बँकेकडून कर्जही उचलून, पूर्वेला वाहणारे पाणी पश्चिमेला पोफळीकडे वळवले आणि महाराष्ट्राचे कारखाने चालवले. दुसरीकडे एका दुकानदाराने ठरवले की सणासुदीची सूट देण्यापेक्षा रोजच भाव पाडून विकायचे, त्यासाठी पुरवठादाराला पिळायचे आणि मालाचा हिशेब यंत्रावर ठेवायचा. २०१८ साली त्या दुकानाने सुमारे १६ अब्ज डॉलर मोजून बेंगळुरूच्या फ्लिपकार्टचा ७७ टक्के वाटा घेतला. छप्पन्न वर्षांनी रॉजर्सचे दुकान कोयनेच्या विजेवर चार्ज केलेल्या फोनात येऊन बसले.

नवउदारमतवाद म्हणजे नेमके काय, असे विद्यार्थी विचारतात तेव्हा मी त्यांना पुस्तकाआधी रस्ता सांगतो. कोयनानगरहून कुंभार्ली घाट उतरा, चिपळूण गाठा, तिथून गुहागरकडे वळा. अंजनवेलच्या समुद्रकाठी एकेकाळचा एन्रॉनचा दाभोळ वीज प्रकल्प लागतो. घाटाच्या माथ्यावर १९५०-६०च्या दशकांचा महाराष्ट्र आहे: वीज ही सरकारने निर्माण करायची गोष्ट. घाटाखाली १९९०च्या दशकाचा: परदेशी कंपनीशी १९९२ साली बोलणी, पुढच्या वर्षी वीजखरेदीचा करार, डॉलरशी बांधलेले दर, आणि २००१ साली वीज मंडळाने खरेदी थांबवल्यावर बंद पडलेला कारखाना. पुढे २००५ साली वीज मंडळाचेच तुकडे होऊन कंपन्या झाल्या. दोन्ही ठिकाणी वीज तीच, तारा त्याच. बदलली ती विचारण्याची पद्धत. वर ‘लोकांना काय लागते’ असे विचारले गेले, खाली ‘ग्राहक काय दराने घेईल’ असे. डेव्हिड हार्वे यांचे २००५चे ‘अ ब्रीफ हिस्टरी ऑफ निओलिबरलिझम’ जरूर वाचा, पण हा घाट एकदा उतरून मग वाचा. आणि माथ्यावरचा काळ सुवर्णयुग होता असे समजून उतरू नका. धरणग्रस्तांचा प्रश्न त्याच काळाने जन्माला घातला आणि तो अजून पुरता सुटलेला नाही.

हा विचार परक्यांनी आपल्यावर लादला, एवढे म्हणूनही भागत नाही. खुल्या बाजाराची सर्वांत धारदार मराठी मांडणी शेताच्या बांधावरून झाली. शरद जोशी यांनी १९७९ साली शेतकरी संघटना उभारली आणि सरकारी बंधनांतच शेतकऱ्याची लूट आहे, बाजार मोकळा करा, असे लाखोंच्या सभांत सांगितले. जागतिक व्यापार खुला करू पाहणाऱ्या डंकेल प्रस्तावाला विरोध होत असताना ते त्याच्या बाजूने उभे राहिले. गंमत अशी की हे जोशीही टपाल खात्यातलेच; स्वित्झर्लंडमधल्या बर्न येथे जागतिक टपाल संघाच्या कार्यालयात त्यांनी नोकरी केली होती. एका टपाल अधिकाऱ्याने पत्त्याला आकडा दिला, दुसऱ्याने बाजाराला मराठी भाषा दिली. सातारा-सांगलीच्या साखरपट्ट्यात जोशींना मानणारा आणि सहकारी कारखान्याचा सभासद असा एकच माणूस भेटतो, आणि त्याला त्यात विसंगती वाटत नाही. त्याला मूर्ख समजणारा अभ्यासक या विषयात फार पुढे जात नाही.

आता जाहिरातीकडे. मालाबरोबर मजकूर विकण्याची कला सिलिकॉन व्हॅलीत जन्मली असे ज्यांना वाटते त्यांनी सांगली जिल्ह्यातले किर्लोस्करवाडी पाहावे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानात तिथे कारखाना आणला. नांगर लोखंडाचा, शेतकऱ्याचा विश्वास लाकडाच्या नांगरावर. १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले, कारखान्याच्या मालाची माहिती देणारे छोटे पत्रक. त्याचेच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले आणि दोन-तीन पिढ्यांच्या मराठी मध्यमवर्गाने आपले विचार त्यावर पोसले. नांगराची जाहिरात करता करता वाचक घडला. कराडजवळच्या ओगलेवाडीच्या प्रभाकर कंदिलाचे तेच: कंदील घेतला की स्वदेशीही घेतल्यासारखे वाटायचे. वस्तूबरोबर तुम्ही कोण आहात हेही विकले जाते, ही गोष्ट आपल्या आजोबांना ठाऊक होती. घरबसल्या माल मागवून पोस्टमनला पैसे देऊन पार्सल सोडवून घेणेही जुनेच. टपालाची व्ही.पी. पद्धत १८७७ पासूनची. ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ म्हणजे व्ही.पी.चाच नातू, फक्त पोस्टमनची पेन्शन वजा करून.

मग नवे काय? फोनवरचे एक पान घ्या आणि मासिक वाचावे तसे सावकाश वाचा. बहुतेक विद्यार्थ्यांना हे जमत नाही, बोट आपोआप वर सरकते. वस्तूखाली दोन किमती असतात, एक ठळक आणि एक आडवी रेघ मारलेली. ती रेघ मारलेली किंमत म्हणजे एमआरपी. १९९०च्या सुमारास सरकारने पाकीटबंद मालावर कमाल किरकोळ किंमत, करांसह, छापणे सक्तीचे केले. हेतू असा की गावातल्या दुकानदाराने ‘लोकल टॅक्स वेगळा’ म्हणून गिऱ्हाइकाला लुबाडू नये. ग्राहकाच्या संरक्षणासाठी आणलेला आकडा आज जाहिरातीचा सगळ्यात कामाचा मजूर झाला आहे. आकडा जितका मोठा छापावा, तितकी रेघ मारल्यावर सूट मोठी दिसते. कायद्याने फक्त कमाल मर्यादा घातली. ती मर्यादा किती असावी हे कंपनीच ठरवते. बाटाच्या किमतीची आपण इतकी वर्षे थट्टा केली, ९९९ रुपये ९५ पैसे म्हणून. ती बिचारी निदान एकच किंमत होती.

त्याच्या खाली ‘फक्त २ शिल्लक’. त्याच्या खाली उलटे चालणारे घड्याळ. मग ‘हे घेणाऱ्यांनी हेही घेतले’. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ साली अशा १३ फसव्या युक्त्यांची यादी करून त्यांना मनाई केली. खोटी घाई लावणे हे त्या यादीतले पहिलेच नाव. ही यादी विद्यार्थ्यांच्या हातात द्यावी असे मला फार वाटते, कारण तिच्यात सिद्धांत न सांगता सिद्धांत आहे. नवउदारमतवाद म्हणतो, मोकळा माणूस माहिती घेऊन निवड करतो. सरकारी यादी म्हणते, निवड करण्याची ती जागाच कुणीतरी बांधलेली आहे आणि उतार कुठे ठेवायचा हे त्याने ठरवले आहे. शोशाना झुबॉफ यांचे २०१९चे पुस्तक याच्या पुढे जाते: तुमचा प्रत्येक स्पर्श हाच कच्चा माल. मला ते पुस्तक काही ठिकाणी भाकितासारखे वाटते, तरी वाचा. मुंबईतल्या जाहिरात कंपन्यांत बसून विल्यम मॅझरेला यांनी लिहिलेले ‘शॉव्हलिंग स्मोक’ (२००३) ऑनलाइन बाजाराच्या आधीचे आहे, पण आपल्या कामाचे अधिक. परदेशी कंपनीला ‘भारतीय’ दिसायला शिकवणारी माणसे कोण होती, ते त्यात कळते.

ॲमेझॉन जून २०१३ मध्ये भारतात आले आणि काही वर्षांतच स्वतःला ‘अपनी दुकान’ म्हणवू लागले. या दोन शब्दांवर एक अख्खा प्रबंध व्हावा. मुंबईच्या नायगावात १९४८ साली गिरणी कामगारांनी एक सहकारी भांडार काढले, तेच पुढे ‘अपना बाजार’ झाले. त्यातला ‘अपना’ अक्षरशः खरा होता: भाग घेतलेला सभासद, सर्वसाधारण सभेत बोलण्याचा हक्क, नफ्यात वाटा. १९७५ पासून मुंबई ग्राहक पंचायतीने तर दुकानच काढून टाकले. शेजारच्या घरांचा गट, महिन्याची एकत्र मागणी, माल आला की सभासदांनीच वाटून घ्यायचा. एकत्र मागवा, थेट उत्पादकाकडून घ्या, मधला खर्च वाचवा, हे आजच्या कोणत्याही ॲपचे गणित ते सभासद वहीवर करत होते. ‘अपनी दुकान’मधल्या ‘अपनी’ला मात्र मालकी नाही, जिव्हाळा आहे. त्यातही बारकावा पाहा: परदेशी गुंतवणुकीच्या नियमांनुसार या कंपन्यांना स्वतःचा माल थेट ग्राहकाला विकता येत नाही, त्या फक्त विक्रेते आणि ग्राहक यांची गाठ घालून देणारी जागा आहेत. २०१६ साली हे स्पष्ट झाले आणि फेब्रुवारी २०१९ पासून आणखी कडक. म्हणजे कायदा म्हणतो हे दुकान नाही, आणि जाहिरात म्हणते हे तुमचे स्वतःचे दुकान आहे. अभ्यासकाला याहून चांगली फट कुठे मिळणार?

दुसरी फट भाषेची. ऑक्टोबर २०२० मध्ये महाराष्ट्र नवनिर्माण सेनेने ॲमेझॉनच्या ॲपवर मराठी का नाही असा सवाल केला. प्रकरण कोर्टात गेले, डिसेंबरमध्ये पुण्या-मुंबईत तोडफोड झाली. २०२१ साली ॲमेझॉनवर मराठी दिसू लागली. विजय कुणाचा? मराठी हक्क म्हणून मागितली गेली आणि सोय म्हणून मिळाली, भाषांच्या यादीतला एक पर्याय म्हणून. आणि मिळाली ती मराठी कशी आहे, तेही वाचून पाहा. ‘कार्टमध्ये जोडा’, ‘आता खरेदी करा’. व्याकरण बिनचूक, पण पाटणच्या बाजारात कुणी असे बोलत नाही. तिथे ‘घ्या की’, ‘काय द्यायचं?’, ‘बसा, चहा घ्या’ असते. जाहिरातीची मराठी कुठल्याच तालुक्याची नाही, आणि म्हणूनच ती सगळ्या तालुक्यांत चालते.

इथपर्यंत वाचून तुम्ही ॲप काढून टाकायला निघाला असाल, तर थांबा. वहिनींचे दुसरे वाक्य अजून सांगितलेले नाही. त्या म्हणाल्या, “दुकानात गेलं की चार माणसं बघतात. सॅनिटरी पॅड मागायला मला अजून कागदात गुंडाळून द्या म्हणावं लागतं. फोनला कुठं माहीत आहे मी कुणाची सून?” गावातले दुकान म्हणजे आपुलकी, उधारीची वही, अडीनडीला मिळणारा माल, आणि तेच दुकान म्हणजे आडनाव विचारणारी, सून ओळखणारी, कुणाला ओट्यावर बसवायचे आणि कुणाला खाली उभे ठेवायचे हे ठाऊक असलेली जागा. आमच्या पिढीच्या अभ्यासकांनी छोट्या दुकानावर लिहिताना पहिली बाजू फार गोड करून लिहिली. मीही लिहिली. अनोळखीपणात एक सुटका असते, आणि जाहिरात तिलाच बोट लावते. ती सुटका खरी आहे. तिची किंमत कोण भरतो, हा पुढचा प्रश्न: पावसात रस्त्याला थांबलेला पोरगा, गोदामातला पॅकिंगवाला, पाटणचा दुकानदार. त्यातही आता काही किराणा दुकानदारच या कंपन्यांची पार्सले वाटू लागले आहेत. कालचा प्रतिस्पर्धी आज हमाल आणि भागीदार दोन्ही. त्याला कुठल्या खान्यात टाकायचे?

एक व्यावहारिक अडचण सांगतो, कारण नव्या माणसाला ती कुणी सांगत नाही. ‘किर्लोस्कर खबर’चे अंक जुन्या ग्रंथालयांत धूळ खात का होईना, सापडतात. सगळ्यांनी पाहिलेली जाहिरात एकच होती, आणि ती अजून आहे. आजची जाहिरात वहिनींना एक दिसते, माझ्या स्नेह्यांना दुसरी, मला तिसरी, आणि रात्री तिन्ही नाहीशा होतात. दिवाळीच्या एका सेलमध्ये कोयनानगरच्या घरांना काय दाखवले गेले, हे दहा वर्षांनी कुठल्याच ग्रंथालयात मिळणार नाही. कंपनीकडे असेल, पण ते आपल्याला पाहायला मिळणार नाही. आपला विषय असा आहे की साधने रोज डोळ्यांसमोर येतात आणि रोज पुसली जातात.

म्हणून या अभ्यासात येणाऱ्याकडे माझे पहिले मागणे पुस्तकांचे नाही. येत्या दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत घरातल्या दोन फोनांवर, शक्यतो एका बाईच्या आणि एका पुरुषाच्या, एकाच वस्तूची पाने रोज टिपून ठेवा. तारीख, वेळ, पिनकोड लिहा. रेघ मारलेली किंमत आणि ठळक किंमत दोन्ही लिहा. पार्सल आले की चिठ्ठी फाडून टाकू नका, विक्रेत्याचा गाव तिच्यावर असतो. आणि एकदा पाटणला किंवा तुमच्या तालुक्याच्या गावी जाऊन तीच वस्तू दुकानात मागा, दुकानदार काय बोलतो तेही त्याच वहीत उतरवा. घरात आजी-आजोबांनी सोडवून घेतलेल्या एखाद्या व्ही.पी.ची पावती निघाली, तर ती पहिल्या पानावर चिकटवा.